सफरचंदाची आमसुलं

आई,

तू केलेली सफरचंदाची आमसुलं हा मी आयुष्यात खाल्लेला सगळ्यात घाणेरडा पदार्थ. हे तुला तोंडावर कधी सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर तुझ्या हातातली पळी माझ्या पाठीत बसली असती. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तुला जाऊनही पस्तीस वर्षं होऊन गेली, तेव्हा पळीची भीती नाही, म्हणून सांगते. बांगड्याच्या कालवणात तू ती काळपट, चिवट सालपटं टाकायचीस आणि कालवण आंबट व्हायच्या ऐवजी गोड व्हायचं. गोड बांगडा! शी! ताटात ते सालपट भिजून फुगलेलं असायचं, एका बाजूला लाल रंगाची पुसट खूण, दुसरी बाजू बुळबुळीत, आणि दाताखाली आलं की ते तुटायचं नाही, नुसतं सरकायचं. वर त्याला हॉस्पिटलातल्या फिनेलचा वास. तू म्हणायचीस, वास सालीक नाय, तुझ्या नाकाक आसा. असेल. नाक अजून तेच आहे.

आता त्याच सालीचं लोकांना काय कौतुक सुटलंय म्हणून सांगू. मी तीस वर्षं दादरच्या मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवलं. तेव्हा मी फळ्यावर एवढंच लिहायचे, की फळाच्या सालीत चोथा असतो, सालीलगत जीवनसत्त्वं असतात, म्हणून साल जाड काढू नये. आता माझी नात जीवरसायनशास्त्र शिकते आणि तिच्याकडून मी म्हातारपणी नवी नावं पाठ केली आहेत. सफरचंदाच्या गरापेक्षा सालीत पॉलिफेनॉल जास्त. सालीचा लाल रंग अँथोसायनिनचा. क्वेर्सेटिन म्हणून एक द्रव्य असतं, ते तर बहुतेक सगळं सालीतच. वर हाताला जो मेणचटपणा लागतो त्यात अर्सोलिक आम्ल. झाड हे सगळं आपल्यासाठी करत नाही, स्वतःसाठी करतं. ऊन बाधू नये, कीड लागू नये, बुरशी धरू नये म्हणून. ज्या बाजूला ऊन जास्त ती बाजू जास्त लाल. आपण खाल्लं तर म्हणे रक्तवाहिन्यांना चांगलं, हृदयाला चांगलं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जे दिसतं ते माणसाच्या पोटात तसंच होतं असं नाही, हे मी तिला बजावलं, पण ती कुठे ऐकते! एकदा मी बोलता बोलता तुझ्या आमसुलांचं सांगून बसले, तर टाळ्या वाजवून म्हणते, "आजी, पणजी काय भारी होती गं! काळाच्या किती पुढे होती!" मला असा राग आला! पुढे कसली डोंबलाची! तू पुढेबिढे काही नव्हतीस, तू कोकणात होतीस. तुला क्वेर्सेटिन माहीत नव्हतं, तुला रातांबे माहीत होते. रातांब्याची साल वाळवून आपण आमसुलं करतो, वर्षभर जपून ठेवतो, म्हणून तुझ्या डोक्यात फळ म्हणजे आधी साल. "सालीतच सगळा आसता गो, गराक कोण इचारता?" हे तुझं वाक्य नातीने वहीत लिहून घेतलं. मी तिला सांगितलं नाही की या सालींपायी तुझं नाव चोर म्हणून चाळीभर झालं होतं.

ते तुला ठाऊक आहे. कोणामुळे झालं ते ठाऊक नाही, आणि तेच सांगायला मी बसले आहे, पण आधी पहिल्यापासून सांगू दे.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. बाबा सत्याग्रहात पकडले गेलेले. लालबागच्या आपल्या खोलीत तू आणि मी दोघीच, आणि मी नऊ वर्षांची. तू गिरगावातल्या एका लहानशा हॉस्पिटलात आया होतीस. आता तिथे साड्यांचं दुकान आहे. आया म्हणजे काय काम ते चाळीत सगळ्यांना कळत होतं, म्हणून कोणी विचारायचं नाही. नळावर तुझी कळशी जरा लांब ठेवायची, एवढंच. मग फाउंटनकडे गोळीबार झाला आणि आपल्या चाळीतला, गिरणीत मागावर काम करणारा एक साचेवाला मांडीत गोळी लागून पडला. पंचवीसेक वर्षांचा असेल, बायको गावी, तो गाववाल्यांच्या सामाईक खोलीत राहायचा. लोकांनी त्याला उचलून गिरगावात आणलं ते नेमकं तुझ्या हॉस्पिटलात. झालं, एका दिवसात तुझा भाव वधारला. "आपली बाई आहे ना तिथे," असं सगळे म्हणायला लागले. कळशी नळाजवळ आली.

समोरच्या खोलीतल्या काकीने पुढाकार घेतला. तिचा नवरा मोर्चात पुढे असायचा, आणि तीही काही कमी नव्हती, अश्रुधूर सुटला की ओल्या फडक्यांची टोपली घेऊन रस्त्यावर उतरणारी बाई. तिने ठरवलं की त्या जखमी माणसाला रोज दोन सफरचंदं गेली पाहिजेत, एकेका दिवशी एकेका घराने द्यायची. सफरचंद तेव्हा फक्त आजाऱ्याचं फळ होतं. धडधाकट माणसाच्या हातात दिसलं तर लोक विचारायचे, "काय होतंय काय तुला?" आमच्यासारख्या पोरांनी ते लांबूनच पाहिलेलं. तर रोज सकाळी कोणी ना कोणी ती दोन लाल फळं पिशवीत घालून तुझ्या हातात द्यायचं, जणू देवाचा नैवेद्य, आणि तू ती पदराखाली धरून निघायचीस. चाळीने तुझ्यावर टाकलेला तो पहिला विश्वास. जिना उतरताना तुझी मान कशी असायची ते मी पाहिलं आहे.

एका रविवारी घरी कोणी नाही म्हणून तू मला बरोबर नेलंस. मला ते सगळं नको इतकं आठवतं. तू त्या माणसाच्या अंगाखालून भांडं काढते आहेस, त्यावर फडकं टाकून नेते आहेस, आणि खोलीत पुवाचा असा कुबट वास भरलाय की मी खिडकीच्या गजात नाक खुपसून उभी आहे. तू परत येतेस, कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुतेस, नखंसुद्धा. मग बशी घेतेस, सुरी घेतेस आणि सफरचंद सोलायला लागतेस. साल पचायला जड, आजाऱ्याला सोलूनच द्यायचं, असा तिथल्या मोठ्या नर्सबाईंचा हुकूम होता. एका लांब पट्टीत अख्खं सफरचंद सोलून होतं, मध्ये तुटत नाही. तो माणूस तापात बरळतो आहे, तोंड उघडत नाही. तू एक एक फोड त्याच्या ओठाशी धरतेस. "खा रे बाबा, लोकांनी प्रेमान धाडल्यानी." तू दोन्ही सफरचंदं त्याला चारलीस, अगदी शेवटच्या फोडीपर्यंत. साली मात्र बशीतून उचलून धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधल्यास. बशीतून. बादलीतून नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आई. मला सगळं माहीत होतं.

घरी आल्यावर त्या साली तू जांभळ्या औषधाच्या पाण्यातून काढायचीस, मग मीठ लावून पाट्याखाली दाबून ठेवायचीस, मग सुपावर पसरून गॅलरीत उन्हात. आमसुलांना करतात तसंच. पण रातांब्याच्या सालीला त्याच्याच आंबट रसाची पुटं चढतात, आणि वर वैशाखातलं कोकणातलं ऊन. इथे रस कुठला? तू मिठाच्या पाण्याची पुटं दिलीस. आणि लालबागच्या गॅलरीत थंडीत ऊन येणार तासभर, तेही गिरणीच्या धुरातून. साली वाळल्या नाहीत, नुसत्या काळवंडल्या. काहींना पांढरी बुरशी आली, ती तू पदराने पुसलीस. मी पाहत होते. तुला एवढंही कळू नये की सफरचंदात आंबटपणाच नाही तर आमसूल होणार कसं? पण तुझा हट्ट. रोज नव्या साली यायच्या, रोज सूप भरायचं. फेकायचं कसं, या एका विचाराने तुझा मेंदू बंद व्हायचा. तुझ्या त्या कधी काही न फेकण्याची मला तेव्हाही शिसारी यायची आणि आजही येते. काटकसर, काटकसर म्हणून लोक तिची आरती ओवाळतात. मला तिच्यात फक्त तो बुळबुळीत तुकडा दिसतो.

पहिल्यांदा मी तो ताटात थुंकले तेव्हा तू मला मारलंस. मोजून एकच, पण असं की कान वाजला. "अन्नार थुकतंस? अन्नार?" मग तू तोच तुकडा माझ्या ताटातून उचलून, पाण्यात बुचकळून, स्वतःच्या तोंडात टाकलास आणि माझ्याकडे बघत चावलास. आई, त्या माराचा मला राग नाही. त्या चावण्याचा आहे. त्यानंतर मी मुकाट्याने गिळायला शिकले. न चावता, पाण्याच्या घोटाबरोबर, औषधाच्या गोळीसारखं.

काकीला माझ्याच वयाची एक मुलगी होती. आम्ही गॅलरीत एकत्र सागरगोटे खेळायचो. एक दिवस डाव मोडला म्हणून भांडण झालं आणि ती नाक धरून म्हणाली, "तुझ्या अंगाला वास येतो. तुझी आई लोकांची घाण काढते." बाकीच्या पोरी हसल्या. मी काय करणार? माझ्याकडे होतं काय? मी म्हटलं, "काढते तर काढते! आमच्या घरी रोज सफरचंद असतं. तू कधी बघितलंयस तरी?" ती म्हणाली, खोटं. मी तिला सुपापाशी नेलं आणि लांबूनच लाल कडा दाखवल्या. जवळ जाऊ दिलं नाही, नाही तर तिला कळलं असतं की गर नाही, नुसत्या साली आहेत. तिचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. इतकं बरं मला त्या वर्षात कधीच वाटलं नव्हतं.

इथवर पोरकटपणा होता, त्याचं कोणी काही धरून बसलं नसतं. पुढचं ऐक.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तू कामावर असताना, काकीने मला बोलावलं. दारातच उभी राहिली, आत घेतलं नाही. मागे तिची मुलगी. काकी अगदी हळू बोलते आहे, मला अजून तो आवाज ऐकू येतो. "बाळा, तुमच्याकडे सफरचंद असतं म्हणालीस. सफरचंद खाल्लंस की साली? नीट आठवून सांग. साली असतील तर साली म्हण, त्यात काही वाईट नाही. मी कोणाला काही म्हणणार नाही." बघ, बिचारीने उत्तर माझ्या तोंडात घालून दिलं होतं. मला नुसतं "साली" म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण तिच्या मागे ती पोरगी उभी होती, हात नाकाकडे न्यायच्या तयारीत, आणि माझ्या जिभेवर तो खारट-गोड बुळबुळीतपणा आला. मी परक्या आजाऱ्याच्या ताटातलं टाकलेलं खाते, हे मला माझ्या तोंडाने म्हणवेना. मी म्हटलं, "सफरचंद. अख्खं. आई फोडी करून देते."

काकी म्हणाली, "बरं. जा, खेळ जा."

मला कोणी दम दिला नव्हता, मारलं नव्हतं, फसवलं नव्हतं. नऊ वर्षांची होते म्हणून सोडून द्या असं कोणी म्हणालं तर मला त्याचीही किळस येते. मी तुला त्या माणसाला शेवटची फोड भरवताना पाहिलं होतं. तुझा खरेपणा माहीत असलेली अख्ख्या चाळीत मी एकटी होते, आणि मला साल म्हणायची लाज वाटली.

पुढचं तू पाहिलंसच. तोंडावर कोणी तुला चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, तू चांगली भांडली असतीस. दोन दिवसांनी सकाळी पिशवी आलीच नाही. तू दारात उभी राहिलीस, मग काकीचं दार ठोठावलंस. "आज फळां कोणाची?" काकी म्हणाली, "राहू दे गं, आता पुरुषमंडळी स्वतः जाऊन देतील. तुला तेवढंच ओझं." तेवढंच ओझं! त्या दिवसापासून रोज कोणी तरी लालबागहून गिरगावात जायचं, सफरचंद स्वतः सोलायचं, आणि तो खाईपर्यंत खाटेशी उभं राहायचं, तुझ्यासमोर. तू भांडं घेऊन आलीस की बाजूला व्हायचं. त्या माणसाला कोणी विचारलं तर तो तरी काय सांगणार, त्याला शुद्धच नव्हती. मला वाटतं तुला आठवड्याने उलगडा झाला. तू सूप उचललंस, सगळ्या साली मोरीत ओतल्यास आणि भांडंभर पाणी घातलंस. मी मनात म्हटलं, सुटले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. त्या घाणीतून सुटका झाल्याचा आनंद.

तो माणूस कुबड्या घेऊन परत आला तेव्हा चाळीच्या पटांगणात सभा झाली. गुलाल, हार, झालाच पाहिजेच्या घोषणा. ज्यांनी ज्यांनी फळं दिली, जे पोचवायला गेले, त्या सगळ्यांची नावं वाचली. डॉक्टरांचं नाव वाचलं. तू दोन महिने त्याची घाण काढलीस, पू पुसलास, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला कुशीवर वळवलंस. तुझं नाव वाचलं नाही. तू तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी होतीस. मी खाली पोरींच्यात होते आणि मी टाळ्या वाजवत होते.

तू मनात पक्कं केलंस की हे काकीचं काम. तिने सूप पाहिलं, तिने काड्या केल्या. मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळभर पेढे वाटले, काकीने ताटली पाठवली, ती तू झाकणसुद्धा न उघडता परत धाडलीस. बाबा सुटून आले होते, त्यांनी समजावलं, तू ऐकलं नाहीस. समोरासमोरची दारं, अठ्ठावीस वर्षं, आणि तू तिच्याशी एक शब्द बोलली नाहीस. दारात आली की तू आत. तिच्या मुलीच्या लग्नाला आपल्या घरातून कोणी गेलं नाही. मी कितीदा तरी तोंड उघडायच्या बेतात आले. मॅट्रिक झाल्यावर सांगू, नोकरी लागल्यावर सांगू, लग्न झाल्यावर सांगू. तुझा राग इतका घट्ट बसला होता की तो माझ्याकडे वळेल या भीतीने मी गप्प. स्वच्छ सांगायचं तर तुझा राग काकीकडे आहे तोवर मी सुरक्षित होते.

काकी आजारी पडली तेव्हा मी दादरहून तिला बघायला गेले. तू समोरच्या खोलीत होतीस, मी तुला न सांगता गेले होते. ती हाडांचा सापळा झाली होती. मला जवळ बसवून म्हणाली, "मला मागाहून कळलं गं. सुपात साली होत्या, गर असता तर कावळ्यांनी ठेवला असता का? पण तोवर सगळीकडे झालं होतं. मी तुझ्या आईला तुझं नाव सांगायला हवं होतं. लहान होतीस. तू खोटं बोललीस हे मी नाही सांगितलं कोणाला, माझ्या पोरीलासुद्धा नाही." मग थोड्या वेळाने, "तू आईला सांगितलंस ना?"

मी म्हटलं, "हो काकी. कधीच."

तिने डोळे मिटून विचारलं, "मग ती येत का नाही?"

मी पाणी आणते म्हणून उठले. महिन्याभरात काकी गेली. तिची तिरडी आपल्या दारावरून नेली आणि तू दार लावून घेतलंस. तू काकीवर अन्याय केलास, आई. तुला तो कळायला नको म्हणून मी गप्प राहिले असं मी स्वतःला सांगायचे. कसलं! तोही सोज्वळपणाचा आव.

तू स्वतः अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी सफरचंदं आणायचे, सवयीने, आजाऱ्याचं फळ म्हणून. सोलून फोडी करून द्यायचे. तू तोंड फिरवायचीस. एकदा सुरी माझ्या हातात असताना तू एकदम म्हणालीस, "तिना लोकांका काय सांगल्यान असतला गो? माका आजून समाजला नाय." तीस वर्षांहून अधिक काळ तू मनात तेच घोळवत होतीस. काय सांगितलं असेल. माझ्या हातात साल होती, लांब, एका पट्टीत, तुझ्यासारखीच मलाही यायला लागली होती. मी म्हटलं, "जाऊ दे ना आई, जुनं काय काढतेस." आणि साल कचऱ्यात टाकली. पंधरा दिवसांनी तू गेलीस.

आता या गेल्या आठवड्याचं. आपली चाळ पाडून तिथे टॉवर झालाय. खाली गार हवेचा हॉल, त्यात महिला मंडळ. माहेरवाशीण म्हणून आणि आहारातलं कळतं म्हणून मला बोलावलं, विषय त्यांनीच दिला, फळांच्या सालींमधली आरोग्यदायी द्रव्यं. नाही म्हणायला हवं होतं. पण शाल आणि खुर्ची दिसली की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. मी तासभर बोलले. क्वेर्सेटिन झालं, अर्सोलिक आम्ल झालं, वरचं मेण धुऊन घ्या, फवारणीचं औषध असतं, कोमट पाण्यात बुडवून ठेवा, साल टाकू नका. बायका लिहून घेत होत्या. त्यातल्या एकीने वाळवलेल्या सालींची चकचकीत पाकिटं आणली होती, चहासारखी उकळून प्यायची म्हणे, ती हातोहात फिरत होती. वास घेऊन सगळ्या वा वा करत होत्या. मी श्वास रोखून हसऱ्या तोंडाने मान डोलवत होते.

शेवटी पहिल्या रांगेतून काकीची मुलगी उठली. तीही आता माझ्यासारखीच म्हातारी, दोन्ही गुडघे बदललेले, कानात यंत्र. इतकी वर्षं ती तिथेच राहते आहे. सगळ्यांकडे वळून कौतुकाने म्हणाली, "अगं, यांना काय सांगायचं सफरचंदाचं! यांची आई हॉस्पिटलात होती. आम्ही पोरं नुसती बघत बसायचो आणि यांच्याकडे रोज अख्खं सफरचंद! म्हणून तर बघा, या वयात कशा ताठ आहेत." तिच्या बोलण्यात विष नव्हतं. तिच्या दृष्टीने ती लहानपणची एक गंमत होती. जुन्या घरांतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी मात्र एकमेकींकडे पाहिलं. म्हणजे त्यांनाही आठवत होतं. हॉल हसला.

माईक माझ्या हातात होता. साठ-सत्तर बायका समोर बसल्या होत्या, साल या विषयावर माझं ऐकायला आलेल्या. मी म्हटलं, "हो ना! भाग्यच म्हणायचं!" आणि त्यांच्याबरोबर हसले.

जाताना तिने तिचा नंबर दिला, फोन कर म्हणाली. आज सहा दिवस झाले. रोज सकाळी फोन हातात घेते, चष्मा पुसते, नंबर काढते आणि ठेवून देते. आज फोन बाजूला सारून वही घेतली. एवढी पानं भरली, एकदाही हात थांबला नाही. तुला सांगायला मला जराही भीती वाटली नाही, कारण तू हे वाचणार नाहीस. म्हणून तर तुला लिहिलं, आई. तिला अजून फोन केलेला नाही.